सात जण उभे असेपर्यंत

त्या सामन्याची बातमी मी चार ओळींत पाठवली होती. दोन्ही संघांची नावं, शून्य-सोळा हा निकाल, आणि पाहुणा संघ गटात पहिला आल्याची माहिती. चारही ओळी बरोबर होत्या. पण पाम गावाजवळच्या त्या मैदानावर त्या दुपारी जमलेल्या लोकांनी गोल मोजणं पहिल्या अर्ध्या तासातच सोडून दिलं होतं. ते यजमान संघाचे खेळाडू मोजत होते.

मी तेव्हा पालघरहून एका दैनिकासाठी जिल्ह्याच्या बातम्या देत असे. दिवस कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात जायचा. खोलीवर कॉम्प्युटर आणि प्रिंटर होता, त्यामुळे अर्ज लिहून घ्यायला लोक यायचे. बोईसरच्या एका फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक त्यांपैकीच. निवृत्त पी.टी. शिक्षक, मूळचे विक्रमगडच्या बाजूचे, राहायला पामला. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचा क्लब राज्यातल्या एका व्यावसायिक लीगच्या सर्वांत खालच्या गटात खेळत होता. व्यावसायिक म्हणजे खेळाडूंशी लेखी करार असे आणि सामन्यामागे थोडं मानधन मिळे. त्या मानधनावर कुणाचंही घर चालत नव्हतं. म्हणून प्रत्येकाचा दुसरा, म्हणजे खरा, धंदा होता.

संघात तीन प्रकारचे खेळाडू होते. चिंचणीच्या बाजूचे सहा-सात जण होड्यांवर जाणारे. पाच-सहा जण डोंगरातल्या पाड्यांवरचे. पाऊसकाळात भात लावायचा आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचं हा त्यांच्या घरचा क्रम. उरलेले तारापूरच्या कारखान्यांतले कामगार, बहुतेक उत्तरेकडून आलेले. सरांच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर असे. त्यावर पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा. शिफ्टची गोल, भट्टीची फुली, आणि भरती-ओहोटीसाठी तिथीखाली रेघ. डोल म्हणजे मागचं टोक गाठ मारून बंद केलेलं पिशवीसारखं जाळं; त्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा होड्या समुद्रात. अष्टमीच्या आसपास पाणी मंद होतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा होड्या किनाऱ्याला आणि माणसं जाळी विणत बसलेली. भांगातला रविवार मिळाला की सरांना किनाऱ्याची मुलं मिळत. लीगकडे ते दर वेळी तसाच रविवार मागत.

मोसमातल्या शेवटच्या सामन्यासाठी तसा रविवार मिळालाही होता. दशमीचा. मग शहरातून येणाऱ्या पाहुण्या क्लबने सामना एक आठवडा पुढे ढकलण्याची विनंती केली. लीगने सरांची संमती मागितली. नाही म्हणण्याचा त्यांना अधिकार होता.

ते पत्र घेऊन सर माझ्या खोलीवर आले. नवा रविवार होळीनंतरचा दुसरा दिवस होता. शुक्रवारी होळी, शनिवारी धुळवड, रविवारी सामना.

"याच्यापेक्षा चांगला दिवस नाही," ते म्हणाले. "होळीला भट्टीवरची पोरं घरी येतात. वर्षभरात जी एकत्र सापडत नाहीत ती पाचही सापडतील. होड्याही होळीला किनाऱ्याला लागतात. पूर्ण संघ उतरेल."

मी संमतीचं पत्र टाइप केलं. होड्या होळीला किनाऱ्याला लागतात हे मलाही माहीत होतं. किती दिवस लागून राहतात हे मी विचारलं नाही. सरांच्या गावात होळी पाच दिवस चालते. भट्टीवर गेलेला माणूस होळीला परतला की रंगपंचमीपर्यंत हलत नाही. सरांनी तोच हिशेब सगळ्यांना लावला होता.

संमती देण्यात एक धोका होता, तो त्यांनीच मला सांगितला. पावसाळ्यानंतरच्या एका बाहेरच्या सामन्याला गाडी बंद पडल्यामुळे संघ पोचलाच नव्हता. तो वॉकओव्हर नोंदला गेला होता. एका मोसमात दोन वॉकओव्हर झाले की क्लबचं नाव लीगमधून काढलं जातं. पुन्हा प्रवेश मिळवायला तालुक्याच्या पातळीपासून सुरुवात. सरांना या पातळीवर यायला अकरा वर्षं लागली होती.

"पण होळीला पोरं आहेतच," असं म्हणून त्यांनी सही केली.

रविवारी मी अडीच वाजता मैदानावर पोचलो. पाहुण्यांची बस आधीच आली होती. ते वीस खेळाडू, दोन प्रशिक्षक, एक फिजिओ आणि बर्फाच्या दोन पेट्या असे उतरले. यजमानांच्या बाजूला सर एकटे उभे होते. त्यांच्या हातात फोन होता.

पहिल्यांदा आले ते डोंगरातले पाच जण. सरांनी पाठवलेल्या जीपमधून उतरले तेव्हा एकाचे केस हिरवे होते आणि दुसऱ्याच्या कानामागे गुलाबी रंग. सगळ्यांचे आवाज बसलेले. दोन रात्री ते होळीभोवती नाचले होते.

"झोपलात का रे?" सरांनी विचारलं.

"झोपलू ना सर," हिरव्या केसांचा म्हणाला. "जीपमधी."

मग कारखान्यातले दोघे आले. एक वेल्डर आणि एक पॅकिंग खात्यातला. बाकीचे सात जण होळीला गावी गेले होते, गुरुवारीच, तिकीट महिनाभर आधी काढून. वेल्डरला तिकीट मिळालं नव्हतं म्हणून तो होता.

"सर, होली में बोईसर खाली हो जाता है," वेल्डर म्हणाला. "आपको नहीं पता?"

सरांना ते माहीत होतं. शिफ्ट त्यांनी बघितली होती, रजा बघितली नव्हती. त्यांच्या गावी होळी माणसं आणते, बोईसरहून ती माणसं नेते. दोन्ही गोष्टी त्यांना वेगवेगळ्या ठाऊक होत्या.

पावणेतीन वाजता चिंचणीहून मोटरसायकलवर एक जण आला. तो गोलकीपर. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

"बाकीचे?" सरांनी विचारलं.

"गेले, सर. दीड वाजता पानी भरलं, तवा सगळ्या होड्या गेल्या."

"धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी?"

"पुनवेचा उधाण हाय ना. होळी झाली, नारळ दिला, आता कोन बसून राहील? डोल रिकामी राहील ना."

त्याचा बाप स्वतःच्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख होता. जाळी होडीवर चढवून झाल्यावर खाडीच्या काठावर याने त्याला सांगितलं की आज मी येत नाही, सामना आहे. बाप काय बोलला, असं सरांनी विचारलं.

"बोलला, जा. पन तुझ्या जागेवर दुसरा घेतो हा फेरा."

म्हणजे पुढच्या भांगापर्यंत त्याला होडीवर काम नव्हतं. त्याने हातमोजे घातले आणि गोलजवळ जाऊन पाय ताणायला लागला.

असे आठ झाले. फुटबॉलमध्ये मैदानावर किमान सात खेळाडू असावे लागतात. सातापेक्षा कमी झाले की रेफ्री सामना थांबवतो, आणि या लीगच्या नियमानुसार ज्याच्या बाजूने माणसं कमी पडली त्याने सामना सोडून दिला, म्हणजे वॉकओव्हर दिला, असं धरलं जातं. सरांनी आठही जणांना गोल करून उभं केलं. ते काय म्हणाले ते मी जवळून ऐकलं.

"जिंकायचं नाही. हरायचं किती याचाही विचार करायचा नाही. नव्वद मिनिटं आत राहायचं. दुखलं तरी बाहेर जायचं नाही. रेफ्रीशी बोलायचं नाही." मग ते वेल्डरकडे वळले. "तू तर अजिबात बोलायचं नाहीस."

"मैं कब बोलता हूँ, सर."

बाकीचे सात हसले. त्या मोसमात वेल्डरला चार यलो कार्ड मिळाली होती आणि चारही बोलण्यासाठी.

सामना साडेतीनला सुरू झाला. पहिला गोल तिसऱ्या मिनिटाला झाला, दुसरा पाचव्या. पाहुणे पूर्ण वेळ फुटबॉल खेळणारे होते, त्यांचे पास एकमेकांच्या पायावर पडत. यजमानांचे आठ जण सरांनी सांगितल्याप्रमाणे गोलसमोर उभे राहत आणि चेंडू येईल त्या दिशेने सगळे एकदम जात. गोलकीपर चांगला होता. पहिल्या वीस मिनिटांत त्याने सात-आठ फटके अडवले. तेवढेच न अडलेलेही होते.

मैदानाच्या एका कडेला चिंचणीहून आलेली काही माणसं बसली होती, वयामुळे होडीवर न जाणारी. त्यांच्यातला एक म्हातारा सहाव्या गोलनंतर म्हणाला, "त्याचा दोष नाय. त्याला डोलीची सवय हाय. डोलीत आलेलं सगळं आत जाऊ द्यायचं असतं."

शेजारचा म्हणाला, "मग शेवटी गाठ सोडून बाहेर काढायला सांग त्याला."

"काढतो की. किती वेळा काढतो बघ."

गोलकीपर तेव्हा जाळ्यातून चेंडू काढत होता. त्याने ते ऐकलं आणि हात वर केला.

बाविसाव्या मिनिटाला पॅकिंगवाल्याचा गुडघा मुरगळला. तो उठायचा प्रयत्न करत होता, पण पाय टेकत नव्हता. दोघांनी त्याला उचलून बाहेर आणलं. बदली खेळाडू नव्हता. रेफ्रीने मैदानावर बोट फिरवून मोजलं आणि वहीत काही लिहिलं. सात.

त्यानंतर मैदानाबाहेरचं बोलणं बदलल्याचं मला आठवतं. नियम सगळ्यांना माहीत नव्हता. तो एकाने दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्याने तिसऱ्याला. आठवा गोल झाला तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. त्याच वेळी एक जण घसरून पडला आणि सगळी कड उभी राहिली. तो उठला, तेव्हा लोक बसले.

चाळिसाव्या मिनिटाला वेल्डर रेफ्रीशी बोललाच. ऑफसाइड होता असं त्याचं म्हणणं होतं, आणि माझ्या मते तो बरोबर होता. त्याला यलो कार्ड मिळालं. दुसरं मिळालं असतं तर तो बाहेर आणि सामना संपला. सरांनी कडेवरून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. ते बोट हाफटाइमपर्यंत तिथेच होतं.

हाफटाइमला शून्य-नऊ झालं होतं. सरांनी कुणालाही खाली बसू दिलं नाही.

"बसलात तर उठणार नाही," ते म्हणाले. सातही जण मोटरसायकलींना आणि एकमेकांना टेकून पाणी प्यायले.

तेवढ्यात पाहुण्यांचे प्रशिक्षक मैदान ओलांडून आले. बरोबर त्यांचा फिजिओ होता. त्यांनी सरांना नमस्कार केला आणि आधी नियमाची खात्री करून घेतली. सामना अर्धवट थांबला तर निकाल काय धरतात?

"शून्य-तीन," सर म्हणाले. "वॉकओव्हरचा असतो तोच. आतापर्यंतचे गोल धरत नाहीत."

"तेच विचारायचं होतं. आम्हाला तेरा पाहिजेत."

मग त्यांनी समजावलं. गटात पहिला येणाराच वर जाणार होता. दुसऱ्या एका क्लबचे आणि यांचे गुण सारखे व्हायचे होते आणि त्या क्लबचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता. त्यामुळे यांना किती फरकाने जिंकायचं ते नेमकं ठाऊक होतं. तेरा गोल. तीनने जिंकून उपयोग नव्हता.

सरांनी मोटरसायकलींना टेकलेल्या सात जणांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हालाही आमची सात माणसं उभी पाहिजेत," ते म्हणाले.

"तुमच्याइतकीच. हा आमचा फिजिओ. दुसऱ्या हाफमध्ये तो दोन्ही बाजूंचा."

"नऊ झालेत. चार उरले."

"हो."

"ते फुकट नाही मिळणार. पोरं अडवतील."

"अडवू द्या," पाहुणे प्रशिक्षक म्हणाले. "फक्त पडू देऊ नका."

फिजिओने बर्फाची एक पेटी यजमानांच्या बाजूला आणून ठेवली आणि हिरव्या केसांच्या मुलाच्या पोटऱ्या चोळायला घेतल्या. मी पत्रकार म्हणून बरेच सामने पाहिले आहेत. प्रतिस्पर्धी संघाचा फिजिओ वापरला गेलेला हा एकच.

दुसरा हाफ विचित्र होता. पाहुणे जोरात खेळत होते, पण अंगाला अंग लागणार नाही इतक्या जपून. यजमानांचा एखादा त्यांच्या वाटेत आडवा आला तर ते चेंडू सोडून त्याच्या बाजूने जात. चेंडू मात्र गोलमध्ये जात होता. दहावा, अकरावा. बारावा गोल अडवताना गोलकीपरच्या उजव्या हाताची दोन बोटं मागे वाकली. तो हात पोटाशी धरून गुडघ्यावर बसला.

रेफ्री जवळ गेला. फिजिओ त्याच्या आधी पोचला होता.

"बाहेर जायचंय का?" रेफ्रीने विचारलं.

"नाय."

"बोटं हलतात का?"

"लागतील तेवढी हलतात."

फिजिओने ती दोन बोटं तिसऱ्या बोटाला पट्टीने बांधली. हातमोजा त्यावर चढेना, तेव्हा त्याने आपल्या कात्रीने तो कापला. ती दोन-तीन मिनिटं पाहुण्यांचे सगळे खेळाडू कमरेवर हात ठेवून वाट पाहत होते. त्यांच्या एका पोरगेल्या फॉरवर्डने मात्र वेल्डरच्या जवळ जाऊन विचारलं, "चाचा, थक गए? घर जाओगे?"

वेल्डरने तोंड उघडलं. मी पाहिलं की रेफ्री त्या दोघांकडेच बघतोय. वेल्डर काही बोलण्याआधी पाहुण्यांचा कप्तान धावत आला, त्याने वेल्डरच्या तोंडावर आपला पंजा दाबला आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या फॉरवर्डला ढकललं.

"इसको बुलवाएगा तो मैच जाएगा," तो फॉरवर्डला म्हणाला. "माफी माँग."

"सॉरी, चाचा."

कप्तानाने हात काढला. वेल्डर एवढंच म्हणाला, "चाचा किसको बोला?" पण ते हळू बोलला.

तेरावा गोल सदुसष्टाव्या मिनिटाला झाला. पाहुण्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि मग सगळे आपल्या प्रशिक्षकांकडे बघायला लागले. ते हाताने सावकाश, सावकाश असं सांगत होते. मिळालेले तेरा त्यांचे व्हायला अजून तेवीस मिनिटं आणि समोरचे सात जण लागणार होते. चौदावा आणि पंधरावा गोल पुढच्या दहा मिनिटांत झाले, पण ते कुणी खास प्रयत्न करून केले असं म्हणता येणार नाही. चेंडू तिकडेच होता.

एक्याऐंशीव्या मिनिटाला हिरव्या केसांचा मुलगा पडला. कुणी धक्का दिला नव्हता. दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले होते आणि तो उताणा पडून पाय धरत होता. फिजिओ, रेफ्री, पाहुण्यांचा कप्तान आणि वेल्डर असे चौघे त्याच्याभोवती जमले. फिजिओ त्याच्या पावलाचे अंगठे मागे दाबत होता. सोडले की गोळा पुन्हा येई.

"हा उभा राहू शकत नाही," रेफ्री म्हणाला. "काय करायचं?"

तो प्रश्न सरांना होता. सर कडेच्या रेघेपर्यंत आले होते, त्यापुढे यायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी मुलाच्या घरच्या बोलीत काही विचारलं. मुलाने मान हलवली.

"तो आत राहतो म्हणतोय," सर म्हणाले.

"खेळणार कसा?"

"खेळायला पाहिजे असं नियमात आहे का?"

रेफ्रीने घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "आत असला पाहिजे. आणि त्याला इजा होणार नाही हे तुम्ही बघायचं."

"हम देखेंगे," हे पाहुण्यांचा कप्तान म्हणाला.

त्याने आणि वेल्डरने मुलाला काखेत धरून उचललं आणि गोलच्या डाव्या खांबापर्यंत नेलं. मुलाने दोन्ही हातांनी खांब धरला. गोलकीपरने बांधलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"भाई, नौ मिनट," कप्तान म्हणाला. "बस खड़ा रह."

"खांब सोडू नको," गोलकीपर म्हणाला. "होडीत असला की कसा डोलकाठी धरतंस."

"मी कधी होडीत बसलू?"

"मग आज बस."

कडेवर म्हाताऱ्यांपैकी एक जण बोटाने मोजत होता आणि सातपर्यंत आला की पुन्हा पहिल्यापासून. सोळावा गोल याच वेळी झाला. पाहुण्यांच्या बचावपटूने लांबून सहज मारलेला चेंडू उसळून आला, हिरव्या केसांच्या मुलाच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. नोंदीत तो स्वयंगोल आहे. मुलाने खांब सोडला नाही. ज्याने मारला होता त्याने दोन्ही हात वर करून माफी मागितली.

रेफ्रीने जादा चार मिनिटं दिली. ती चार मिनिटं पाहुण्यांनी मैदानाच्या मध्यावर चेंडू एकमेकांना देण्यात काढली. यजमानांपैकी कुणी चेंडूकडे गेलं नाही, आणि पाहुण्यांपैकी कुणी गोलकडे. बाहेरून येणाऱ्या माणसाला दोन्ही संघ एकाच बाजूचे वाटले असते. रस्त्यावरून कारखान्याची दुसऱ्या शिफ्टची बस गेली. आतली माणसं खिडकीतून बघत होती.

शिट्टी वाजली तेव्हा हिरव्या केसांचा मुलगा खांबाला धरूनच खाली घसरला. बाकीचे सहा जण जिथे होते तिथे बसले. पाहुणे एका कोपऱ्यात नाचू लागले. चिंचणीचे म्हातारे टाळ्या वाजवत होते आणि त्या नेमक्या कुणासाठी ते विचारण्याची गरज नव्हती.

सर मात्र बसले नाहीत. ते सरळ रेफ्रीकडे गेले. रेफ्री त्याचा अहवाल भरत होता. सरांनी तो बघायला मागितला. नियमाप्रमाणे सहीसाठी तो त्यांना दाखवायचाच होता. गोलांची यादी मागच्या पानापर्यंत गेली होती, ती त्यांनी वाचली नाही. त्यांनी बोट एका रकान्यावर ठेवलं. सामना संपताना मैदानावरील खेळाडू. तिथे सात लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून तो आकडा पुन्हा बघितला आणि सही केली.

रात्री डेस्कवरून मला फोन आला. शून्य-सोळा हा आकडा फुटबॉलचाच ना, एवढं विचारून घेतलं. बातमी पाहुण्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या मथळ्याखाली छापून आली.

सरांचा फोन सकाळी आला. "बातमी बरोबर आहे," ते म्हणाले. "सात जण शेवटपर्यंत होते हे आलं असतं तर बरं झालं असतं."

मी जागा नव्हती असं सांगितलं. ते खरंही होतं.

गोलकीपर पुढच्या भांगापर्यंत घरी राहिला. बोटं बरी व्हायला तेवढे दिवस लागलेच असते. हिरव्या केसांचा मुलगा रंगपंचमीनंतर भट्टीवर परत गेला. क्लब गटात शेवटचा आला, पण यादीत राहिला. सप्टेंबरमध्ये लीगचं पत्र आलं की नव्या मोसमासाठी सोयीचे रविवार कळवावेत.

या वेळी सर माझ्या खोलीवर एकटे आले नाहीत. बरोबर वेल्डर होता आणि एक उंच, सावळा, साठीकडे आलेला माणूस. तो गोलकीपरचा बाप, होडीचा तांडेल. खुर्च्या दोनच होत्या. सरांनी त्याला एका खुर्चीवर बसवलं, वेल्डरला दुसरी दिली आणि स्वतः उभे राहिले. मी आठ तारखा टाइप करून वाचून दाखवल्या. त्या सगळ्या सरांनी कॅलेंडरवरून काढल्या होत्या.

"परत वाचा," तांडेल म्हणाला.

मी परत वाचल्या. तो प्रत्येक तारखेला डोळे मिटून बोटांच्या पेरांवर तिथी मोजत होता.

"चौथी काढा," तो म्हणाला. "त्या रविवारी आमी नाय."

"त्या दिवशी षष्ठी आहे," सर म्हणाले. "भांग लागायला आलेला असतो."

"लागायला आलेला. लागलेला नाय, मास्तर. होड्या सप्तमीला येतात."

"उसी दिन छठ भी है, सर," वेल्डर म्हणाला. "हम लोग भी नहीं."

सरांनी खिशातलं पेन काढून कागदावरची चौथी तारीख खोडली. तिच्या जागी कोणती घालायची ते त्यांनी सांगितलं नाही. ते तांडेलाकडे बघत राहिले. तांडेलाने पुन्हा डोळे मिटले आणि पेरं मोजायला सुरुवात केली. मी कीबोर्डवर हात ठेवून थांबलो.